सोळाशे शेहेचाळीस रुपये : आईच्या खात्यातून कापलेला दंड परत मिळवताना ठेवलेल्या नोंदी

बेळगावात वडगाव भागात राहतो. उद्यमबागेत एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो, त्यामुळे आवक-जावक लिहून ठेवायची सवय हाताला आहे. बँकेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. सरकारी बँक आहे, एवढं पुरे. गल्लीतल्या तिघांनी "कसं केलंस ते सांग" म्हणून विचारलं, म्हणून वहीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवतोय. चुका खोडलेल्या नाहीत.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

आई कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार काढायला बँकेत गेली होती. दोन हजारांची स्लिप भरून दिली, ती परत आली. काउंटरवरच्या मुलीने स्लिपच्या मागे पेन्सिलीने १६४६ लिहून दिलं आणि म्हणाली, एवढेच आहेत. आईला वाटलं सरकारनेच कमी पाठवले. संध्याकाळी ती स्लिप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बघ की जरा, साडेतीनशे कुणी खाल्ले?"

फोनवर मिस कॉल देऊन शिल्लक बघायला गेलो तर उत्तरच नाही. खात्याला कुठला नंबर जोडलाय हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. त्याची किंमत पुढे महिनाभर मोजली.

२० जानेवारी, सोमवार (अर्धी रजा)

पासबुक घेऊन गेलो. शेवटची एंट्री मार्च २०२३ ची. एंट्री मारायचं मशीन बंद, काउंटरवर मारून घेतली, तर मधल्या पावणेदोन वर्षांच्या नोंदी एकत्र करून एकाच ओळीत छापून आल्या. त्यातून काहीच कळत नाही. पूर्ण स्टेटमेंट हवं म्हटलं तर १०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८. दंड किती घेतला हे बघायलाही ११८. दिले.

२१ जानेवारी, रात्री

स्टेटमेंटवर पिवळं मार्कर घेऊन बसलो. निघालं ते असं:

किमान शिल्लक नाही म्हणून दंड, महिन्याला १०० अधिक जीएसटी १८. जून २०२३ ते डिसेंबर २०२४, एकोणीस वेळा. २,२४२ रुपये.
एसएमएस चार्जेस, तिमाहीला १५ अधिक २.७०. आठ तिमाह्या. १४१.६०.
एटीएम कार्डाची वार्षिक फी, २३६ दोनदा. ४७२.
एकूण २,८५५.६०.

वीस रुपयांच्या दोन नोंदी अपघात विम्याच्या होत्या. त्यांवर मी फुली मारली तर आई म्हणाली, "ते वीस राहू देत, तेवढंच एक कामाचं दिसतंय." राहू दिले.

जून २०२३ पासूनच का, तर मे महिन्यात पावसाआधी घरावरचे पत्रे बदलायला आम्ही खात्यातले सगळे पैसे काढले होते. त्यानंतर खात्यात येणारी एकच रक्कम, गृहलक्ष्मीची. आई ती आली की काढते, किराणा भरते. या शाखेत सरासरी दोन हजार शिल्लक लागते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. खात्यात पैसे नसले की दंड होल्डवर साचत राहतो आणि हप्ता आला की बँक आधी आपलं काढून घेते. या वेळी तीन महिन्यांचं साचलं होतं, म्हणून ३५४ एकदम गेले आणि आईच्या नजरेला आले. एकेकटे ११८ जात होते तोवर कुणाला पत्ताच नाही.

सरकारी बँकांनी २०१९-२० पासूनच्या पाच आर्थिक वर्षांत या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केल्याचं गेल्या वर्षी लोकसभेत सरकारनेच सांगितलं होतं. त्यात आमचे ११८ कितीदा गेले ते आज कळलं.

२५ जानेवारी, शनिवार (अर्धी रजा, वाया)

चौथा शनिवार. बँक बंद. शटरसमोर उभा राहिल्यावर आठवलं. यावर आणखी काही लिहीत नाही.

२७ जानेवारी, सोमवार (अर्धी रजा)

तोंडी भांडलो. यात हाताला काही लागत नाही, हे आता माहीत आहे, पण तेव्हा वाटलं होतं स्टेटमेंट दाखवलं की माणूस लाजेल. काउंटरवरच्या बाई आंध्रकडच्या, त्यांना हिंदी बेताचं. शेजारच्या साहेबांनी कानडीत समजावलं, मग मराठीत, मग परत कानडीत. तात्पर्य तिन्ही भाषांत एकच: सिस्टिम कापते, आम्ही काही करत नाही. मॅनेजर मीटिंगला. "नाळे बन्नी." उद्या या.

२८ जानेवारी, रात्री

रागाच्या भरात रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी तिथं ऐकतात) चंडीगडला ईमेल ठोकला. लांबलचक, मराठीत, "गोरगरिबांची लूट" वगैरे शब्द घालून. पाठवून झोप चांगली लागली.

१ फेब्रुवारी, शनिवार

मी मराठीत लिहून दिलेला अर्ज घेऊन आई स्वतः बँकेत गेली. "तिथं ठेवा" म्हणाले, तिने ठेवला. पोच घेतली नाही. अर्ज टेबलावर राहिला की रद्दीत गेला, देव जाणे.

७ फेब्रुवारी

चंडीगडहून उत्तर आलं. तक्रार बंद. कारण एका ओळीत: आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली दिसत नाही. मराठीत लिहिलं म्हणून बंद केलेली नाही, हे नोंदवून ठेवतो, कारण इथं पहिली शंका सगळ्यांना तीच येते. ईमेलने आणि टपालाने तिथं कोणत्याही भाषेत तक्रार चालते. पण क्रम चुकवून चालत नाही. आधी बँकेला लेखी द्यायचं, तीस दिवस थांबायचं. मधेच बँकेने नकार दिला किंवा अर्धवट उत्तर दिलं तर तीस दिवस थांबायचीही गरज नाही. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मामा आले. खासबागेत त्यांचे चार माग आहेत, साड्या विणतात. माझं बँकेचं काम चालू आहे असं आईने सांगितलं असणार, कारण येताना त्यांनी त्यांच्या ओव्हरड्राफ्ट खात्याचं (मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल करायच्या कर्जखात्याचं) स्टेटमेंट सुताच्या कोनच्या पिशवीत घालून आणलं होतं. पाच लाखांची मर्यादा, बँक दुसरी. जुलै ते डिसेंबर २०२४ दर महिन्याला "पीनल चार्जेस ७००, जीएसटी १२६".

"मामा, हे कशाचं?"
"तेच तर तुला विचारायला आलोय."
"स्टॉक स्टेटमेंट वेळेवर देता का?"
मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पंख्याकडे बघितलं.

त्यांचं प्रकरण वेगळ्या पानावर घेतो.

१० फेब्रुवारी, सोमवार (अर्धी रजा)

खरं काम आज सुरू झालं. आधीचे तेवीस दिवस जमेला धरायचे नाहीत.

रविवारी रात्री बसून रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक वाचलं. १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. बचत खात्यातल्या किमान शिल्लक दंडाबद्दलच आहे, दोन-तीन पानांचं. कामाची कलमं अशी: शिल्लक कमी झाली की बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने ग्राहकाला कळवायचं; कळवल्यापासून महिनाभर मुदत द्यायची; मुदतीत शिल्लक भरली नाही तरच दंड. दंड जेवढी शिल्लक कमी त्या प्रमाणात. आणि फक्त या दंडामुळे खातं उणे होता कामा नये.

नवा अर्ज एक पान. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे तेच मराठीत. रागाचा एकही शब्द नाही. प्रश्न चार:

"१. जून २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळात प्रत्येक दंडाआधी मला पाठवलेल्या सूचनेची तारीख, माध्यम आणि ज्या क्रमांकावर वा पत्त्यावर पाठवली तो तपशील द्यावा.
२. शिल्लक दर महिन्याला वेगळी असताना दंड प्रत्येक वेळी १०० रुपयेच कसा?
३. एसएमएस चार्जेस घेतले त्या आठ तिमाह्यांत किती एसएमएस कोणत्या क्रमांकावर पाठवले?
४. कार्डाची मुदत संपली आहे, नवं घेतलेलं नाही, फी कशाची?"

खाली आईची सही. दोन प्रती. एकीवर गोल शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही मिळेपर्यंत काउंटर सोडला नाही. शिपाई म्हणाला शिक्का आत आहे. म्हटलं, आतून आणा, थांबतो. वीस मिनिटं लागली.

१७ फेब्रुवारी

आईच्या खात्यात ३५४ जमा. कुठलंही पत्र नाही. शाखेत फोन केला तर, "मॅडम सीनियर सिटिझन आहेत म्हणून शेवटच्या तीन महिन्यांचं रिव्हर्स केलं, आता क्लोज करा." आई खूश. मी थोडा विचारात. इथं बरेच जण थांबत असणार. मीही थांबलो असतो, रजा संपत आल्या होत्या. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

पत्र आलं, इंग्रजीत. एक: प्रत्येक महिन्याला सूचना नोंदणीकृत मोबाइलवर एसएमएसने पाठवली, शेवटचे चार अंक असे असे. दोन: दंड स्लॅबनुसार, म्हणजे ठरावीक टप्प्यांनुसार आहे, आणि स्लॅब ठरवायची मुभा त्याच परिपत्रकात आहे. तीन आणि चार: दरपत्रकानुसार.

दुसऱ्या मुद्द्यावर मी आपटलो. परत वाचलं, स्लॅबचं वाक्य खरंच आहे. मी घाईत ते गाळून वाचलं होतं. आईच्या खात्यात शिल्लक कायम शंभर-दोनशेच्या आत, म्हणजे दर महिन्याला तोच स्लॅब. सोडून दिला.

पहिल्या मुद्द्यातले चार अंक बघून मात्र हात थांबला. तो नंबर बाबांचा.

२० फेब्रुवारी

बाबा २०२१ मध्ये गेले. त्यांचं सिम आम्ही रिचार्ज केलं नाही, ते बंद पडलं. तो नंबर माझ्या फोनमध्ये अजून "बाबा" म्हणूनच आहे. जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या मागे जाऊन लावला. रिंग गेली. कुणीतरी उचलला, हिंदी बोलणारा तरुण मुलगा, मागे मशीनचा आवाज. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हाँ भैया, हर महीने बैंक का मैसेज आता है, बैलेंस कम है करके. मैं सोचता था फ्रॉड है." हसला. मग विचारलं, "आपके पापा का नंबर था क्या?" हो म्हटलं. सॉरी म्हणाला. मी फोन ठेवून थोडा वेळ तिथंच लोखंडाच्या पेट्यांवर बसलो.

केसच्या दृष्टीने वाईट बातमी. सूचना गेलीच नाही असं म्हणायचं मी ठरवलं होतं. सूचना दर महिन्याला इमाने-इतबारे गेली होती, फक्त परक्या माणसाला. आणि त्या एसएमएसचे तिमाहीला १७.७० आम्हीच भरत होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईला विचारलं, नंबर बदलायचा फॉर्म कधी दिला होता का? ती म्हणाली, ताईने भरला होता, बाबांच्या कागदांच्या वेळी. ताई कोल्हापुरात. फोन केला. तासाभराने तिने फोटो पाठवला: बाबांच्या मृत्यू दाखल्याच्या फाइलमध्ये टाचलेली फॉर्मची खालची फाडलेली पट्टी. खाते क्रमांक, "मोबाइल नंबर बदल", बँकेचा शिक्का, ११ ऑक्टोबर २०२२.

दंड सुरू व्हायच्या आठ महिने आधीची.

मूळ पट्टी हवी होती. शिवरात्रीला ताई येणारच होती, पण त्या आठवड्यात भाषेच्या वादातून दोन्हीकडच्या बस थांबल्या. इथल्या माणसाला याचं नवल नाही, कामं त्याप्रमाणे मागेपुढे होतात.

२ मार्च, रविवार

भावजी मोटारसायकलवरून कोगनोळी नाक्यापर्यंत आले, मी इकडून गेलो. हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर पट्टी हातात घेतली. प्लास्टिकच्या पाकिटात, त्याच्या बाहेर वर्तमानपत्र, त्याच्या बाहेर परत प्लास्टिक. भावजी म्हणाले, "तुझ्या ताईनं बांधलंय." एवढ्या लांब जाऊन बोटभर कागद आणला. पेट्रोलचा हिशेब खर्चात धरलेला नाही, कारण भावजींबरोबर भजी खाल्ली ती सहलीतच मोजतो.

३ मार्च, सोमवार (अर्धी रजा)

पट्टीची झेरॉक्स जोडून पुरवणी अर्ज दिला. मूळ पट्टी दाखवली, दिली नाही. मॅनेजर या वेळी भेटले. माणूस सरळ वाटला, पट्टी उजेडाकडे धरून शिक्का बघितला आणि म्हणाले, "हौदु, नम्दे." हो, आमचाच. वर पाठवतो म्हणाले.

११ मार्च

वरून ईमेल. "सही जुळत नसल्याने सदर फॉर्मवर प्रक्रिया झालेली नव्हती. चार्जेस नियमानुसार आहेत."

आईची सही तीन अक्षरांची आहे आणि तिसरं अक्षर कधी येतं, कधी येत नाही. हे खरं आहे. पण सही जुळली नाही हे अडीच वर्षांत कुणी कळवलं नाही, हेही खरं आहे. त्या ईमेलने बँकेने स्वतःच लिहून दिलं की फॉर्म मिळाला होता.

१३ मार्च, रात्री

लोकपालाच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार. पाऊण तास लागला, त्यात वीस मिनिटं फाइली लहान करण्यात गेली. आईच्या नावाने, ओटीपी माझ्या फोनवर. जोडलं ते: शिक्क्याचा १० फेब्रुवारीचा अर्ज, १९ फेब्रुवारीचं पत्र, पट्टी, ११ मार्चचा ईमेल, स्टेटमेंटची पिवळी केलेली पानं. मजकूर नऊ ओळी. स्लॅबचा मुद्दा काढून टाकला, होल्डचाही. खातं उणे कधी गेलं नाही, त्यामुळे तिथं जोर नव्हता. जोर एकाच वाक्यावर ठेवला: ग्राहकाने ११ ऑक्टोबर २०२२ ला नवा क्रमांक दिला, बँकेने पोच दिली, नंतरची प्रत्येक सूचना जुन्या क्रमांकावर गेली, म्हणून परिपत्रकातली सूचना झालेलीच नाही.

पोर्टल जमत नसेल तर टपालानेही पाठवता येतं, चंडीगडला सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेत केंद्रीय स्वीकृती केंद्र आहे. चौकशीला १४४४८.

१७ मार्च. मामांचं पान

मामांनी स्टॉक स्टेटमेंट सहा महिने दिलं नव्हतं, हे त्यांनी शेवटी कबूल केलं. दर महिन्याच्या १० तारखेला द्यायचं असतं: किती सूत, मागावर किती बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ), किती तयार साड्या, कुणाकडून किती येणं. "बसून कोण मोजणार रे" हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे ७०० चा दंड अन्यायाचा आहे असं मला लिहिता येईना, आणि लिहिलंही नाही. मामा थोडे रुसले.

पण दोन गोष्टी चुकीच्या होत्या. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला कर्जखात्यांतल्या दंडाबद्दल जे परिपत्रक काढलं, त्यात दंडावर व्याज चढवायचं नाही असं स्पष्ट आहे. जुन्या कर्जांनाही ते ३० जून २०२४ पर्यंत लागू व्हायचं होतं. मामांच्या खात्यात ८२६ महिनाअखेरीला सरळ उचलीत मिसळत होते आणि पुढच्या महिन्यापासून त्यावर साडेअकरा टक्क्यांनी व्याज. मी कोष्टक केलं, फेब्रुवारीअखेर ते २१४ रुपये होतात. दुसरं, अशा दंडावर जीएसटी लागत नाही, हे डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने सांगितलं आणि २८ जानेवारी २०२५ ला तसं परिपत्रकही निघालं. सहा महिन्यांचे ७५६.

आज अर्ज दिला, शिक्का घेतला. तिथल्या साहेबांचं उत्तर तयार होतं: "जीएसटी आम्ही सरकारला भरला, आमच्याकडे कुठे आहे?" म्हटलं, लेखी द्या.

९ एप्रिल

लोकपाल कार्यालयाकडून ईमेल: बँकेचं म्हणणं आलं आहे, तुमचं काही म्हणणं असल्यास द्या. बँकेचं म्हणणं तेच, सही. चार ओळींत उत्तर दिलं. आईच्या सहीवर बँकेने त्याच काळात पैसे दिले होते, तीन विड्रॉल स्लिपांच्या तारखा स्टेटमेंटवरून काढून दिल्या. पैसे काढायला सही जुळते, नंबर बदलायला जुळत नाही. ही युक्ती माझी नव्हे, आईची. भाकऱ्या थापताना म्हणाली.

२० एप्रिल, रविवार

चूक नंबर किती ते आता मोजत नाही. शेजारच्या काकूंचं पासबुक बघून त्यांनाही लोकपालाची तक्रार मीच करून दिली होती, आज ती परत आली. त्यांचं खातं बँकेत नाही, सौहार्द सहकारीत आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली या संस्था आहेत, पासबुक बँकेसारखं, काउंटर बँकेसारखा, लोकही बँकच म्हणतात. पण त्या १९९७ च्या कर्नाटक सौहार्द सहकारी कायद्याखालच्या, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची दाद सहकार खात्याकडे. नागरी सहकारी बँक असेल तर ठेवी ५० कोटींच्या वर आहेत का बघायचं. पासबुकाच्या पहिल्या पानावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय कुणाचं काम अंगावर घ्यायचं नाही. काकूंना लोणच्याची बरणी परत करायला गेलो, त्यांनी घेतली नाही.

२२ एप्रिल

मामांच्या खात्यात ७५६ आणि २१४ जमा, दोन वेगळ्या नोंदी. ४,२०० चा मूळ दंड तसाच. मामा म्हणतात अर्धंच मिळालं. अर्धंही नाही, पण दंड त्यांचा होता.

१६ मे, शुक्रवार

आईच्या खात्यात २,२६५.६० जमा. ईमेलही आला: प्रकरण सामोपचाराने मिटलं म्हणून बंद. दंडाचे एकोणीसही हप्ते, एसएमएसचे सगळे पैसे (एसएमएसचा खर्च प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्यायचा असा नोव्हेंबर २०१३ पासून नियम आहे, आणि आईपर्यंत एकही पोचला नव्हता), कार्डाची एका वर्षाची फी. पहिल्या वर्षी कार्ड चालू होतं, ते २३६ गेले. आधीचे ३५४ धरून २,६१९.६०.

खर्च: पाच अर्ध्या रजा, ३२५ प्रमाणे १,६२५. स्टेटमेंट ११८. झेरॉक्स, बस, किरकोळ २१०. एकूण १,९५३. उरले ६६६.६०. रागाने केलेला ईमेल, चौथा शनिवार आणि पोच न घेतलेला अर्ज, हे तिन्ही टाळलं असतं तर एक रजा आणि दहाएक दिवस वाचले असते.

आईला हिशेब वाचून दाखवला. तिने विचारलं, "मग त्या पोराला आता मेसेज जायचे बंद झाले का?" नंबर बदलून घेतला का, असं तिला विचारायचं होतं. मी नव्हता घेतला. चार महिने भांडलो आणि मूळ फॉर्म परत भरायचाच राहिला होता.

१९ मे, सोमवार

आईच गेली, मी रजा घेतली नाही. नंबर बदलला, पोच घेतली. त्याच फेरीत खातं मूलभूत बचत खात्यात बदलायचा अर्ज दिला. यात किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्ड फुकट, पैसे कितीदाही जमा होऊ देत, काढायचे मात्र महिन्यात चार वेळा फुकट. आई महिन्यात एकदाच काढते. एक अट आहे, त्याच बँकेत दुसरं बचत खातं चालत नाही. तिचं नाहीच. हे खातं २०२३ मध्येच घेतलं असतं तर ही वही लिहावी लागली नसती, पण काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावं लागतं.

४ जून

कॅनरा बँकेने १ जूनपासून सगळ्या बचत खात्यांवरचा किमान शिल्लक दंड काढून टाकल्याची बातमी. स्टेट बँकेने तो २०२० मध्येच काढला होता. आमची बँक यांतली नाही. गल्लीत दोघांना वाटलं आता मागचे कापलेलेही आपोआप परत येतील. मागचे येत नाहीत, ते मागावे लागतात. त्यांची स्टेटमेंट आणायला सांगितली आहेत.

९ जून, सोमवार

खातं बदलल्याचा एसएमएस आईच्या फोनवर आला. तिने तो वाचला नाही, फोन माझ्याकडे दिला.

उद्या १० तारीख. मामांचं स्टॉक स्टेटमेंट टाइप करायला बसलोय. सूत आणि येणं भरून झालं, बीमचा रकाना रिकामा आहे. मामा माग बंद करून मोजून फोन करतो म्हणाले होते, त्याला दीड तास झाला.